लाइट पेंटिंग सुरू करायचंय? आधी टॉर्च हातात घ्या, खर्च नंतर

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यातल्या एक ताई बँकेत नोकरी करतात, घरी पोहोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ होतात. घरात जुना डीएसएलआर, त्याच्याबरोबर आलेली १८-५५ची किट लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड पडून आहे. लाइट पेंटिंगचा, म्हणजे अंधारात कॅमेऱ्याचं शटर (उजेड आत सोडणारा पडदा) बराच वेळ उघडं ठेवून दिव्याने चित्र काढण्याचा छंद लावून घ्यायचाय, सहावीतल्या मुलीलाही सोबत घ्यायचंय. त्या विचारतात, की ऑनलाइन दिसणारी महागडी दिव्यांची साधनं घ्यावीत का? गच्चीवर करून पाहिलं तर फोटो पांढराफटक येतो, मग शहरात हे जमतं तरी का? आणि एखादी वर्कशॉप लावावी का?

ताई, साधनं आत्ता अजिबात घेऊ नका. कॅमेरा आहे तो पुरतो, लेन्स पुरते, आणि सुरुवातीची जागा म्हणजे पडदे ओढलेली तुमच्या घरातलीच एक खोली. मी हे बरीच वर्षं करतोय, नव्या लोकांना शिकवतोही. माझं ठाम मत असं झालंय की या छंदात माणूस कॅमेऱ्यापाशी अडत नाही, हातापाशी अडतो. टॉर्च कुठून, कोणत्या कोनातून आणि किती वेगाने फिरली यावर सगळं ठरतं. ते एकदा हाताला बसलं की साध्यातल्या साध्या टॉर्चमधूनही देखणं चित्र निघतं.

गच्चीवरच्या पांढऱ्या फोटोपासूनच सुरू करतो, कारण या कलेचं मूळ गणित तिथेच आहे. शटर उघडं असताना तुमच्या चौकटीत दोन वेगळ्या गोष्टी साठत असतात. एक म्हणजे मागची इमारत, आकाश, गच्चीचा कठडा. यांच्यावर रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड सतत पडत असतो, त्यामुळे शटर जितका वेळ उघडं तितकं ते सगळं उजळत जातं. दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या टॉर्चने हवेत काढलेली रेषा. टॉर्च कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या सेन्सरवरच्या एखाद्या बिंदूसमोर क्षणभर येते आणि पुढे सरकते. म्हणून त्या रेषेचा उजळपणा ठरतो तो अ‍ॅपर्चर, आयएसओ, टॉर्चची ताकद आणि हाताचा वेग यांवर. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड येण्याचं भोक, आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला तो आकडा.) शटर १० सेकंद उघडं असो की ४ मिनिटं, रेषा तेवढीच उजळ राहते. रांगोळीच्या चिमटीसारखं आहे हे: हात रेंगाळला की रेघ जाड आणि भरघोस पडते, झपकन गेला की बारीक, फिकी, मधेच तुटणारी.

हे लक्षात आलं की शहरातल्या उजेडाचं कोडं अर्धं सुटतं. पार्श्वभूमी वेळेने वाढते, रेषा वेळेने वाढत नाही. तेव्हा शहरात वेळ कमी ठेवायचा, अ‍ॅपर्चर बारीक करायचं आणि टॉर्च जोरकस घ्यायची. गच्चीवर आयएसओ १००, एफ/११ किंवा एफ/१६ (एफपुढचा आकडा जितका मोठा तितकं अ‍ॅपर्चर बारीक), आणि शटर १० ते १५ सेकंद असं ठेवून पाहा. एवढ्या वेळात एखादा आकार आरामात काढून होतो. अनेक जण इथे एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची काळसर काच, सुचवतात. एनडी फिल्टर पार्श्वभूमी आणि टॉर्च दोन्ही सारख्याच प्रमाणात मंद करतो. त्याने तुम्हाला जास्त वेळ मिळतो हे खरं, पण मग तितकीच जास्त ताकदीची टॉर्चही लागते. सुरुवातीला तो पैसा वाचवा.

शहरात राहणाऱ्यांसाठी आणखी एक सोय आहे. ऑलिंपसच्या, म्हणजे आताच्या ओएम सिस्टिमच्या कॅमेऱ्यांत लाइव्ह कॉम्पोझिट नावाची पद्धत असते. त्यात पहिल्या फ्रेमनंतर फक्त नव्याने उजळलेला भाग जोडला जातो, पार्श्वभूमी आहे तिथेच थांबते. तुमच्या डीएसएलआरमध्ये ते नसेल, पण ट्रायपॉड न हलवता पाठोपाठ दहा-दहा सेकंदांच्या फ्रेम काढायच्या आणि संगणकावर फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून लाइटन ब्लेंड मोड लावायचा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ तेवढंच उरतं. परिणाम जवळपास तोच. मला स्वतःला एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर एकदाच उघडून, पूर्ण झालेलं चित्र जास्त भावतं. फ्रेम जोडल्या असतील तर तसं सांगावं, एवढीच माझी अपेक्षा.

कॅमेऱ्याची मांडणी एकदा नीट समजून घेतली की पुढे तिच्याकडे पाहावंही लागत नाही. मोड मॅन्युअल, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर आधी ३० सेकंद. त्याहून जास्त हवं तेव्हा बल्ब नावाचा मोड, त्यात बटण दाबलेलं असेतो शटर उघडं राहतं. बल्बमध्ये बटण दाबून धरावं लागतं आणि बोटाने कॅमेरा हलतो, म्हणून वायरचा रिमोट रिलीज घ्या. काही शे रुपयांत मिळतो, आणि या छंदातली पहिली खरी खरेदी हीच असू द्या. तोवर १० सेकंदांचा सेल्फ टायमर लावून अंधारात आपल्या जागी जाऊन उभं राहता येतं. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, घ्या. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोची रंगछटा ठरवणारं सेटिंग, ऑटोवर सोडू नका, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येईल. ४००० केल्व्हिनच्या आसपास एक आकडा पक्का करून ठेवा. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असेल तर ट्रायपॉडवर ते बंद करा.

अंधारात ऑटोफोकस भिरभिरत राहतो. मुलीला तिच्या जागी उभं करा, तिच्या हातात टॉर्च पेटवून द्या, त्या टॉर्चवर फोकस घ्या आणि मग लेन्सवरचं बटण एमएफवर टाका. त्यानंतर झूमच्या रिंगला हात लावू नका. जमिनीवर तिच्या पायाशी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून ठेवा, म्हणजे दर वेळी ती त्याच ठिकाणी येईल.

मेन्यूत लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन असतं. ते चालू असेल तर ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी ३० सेकंद गप्प बसतो. शटर बंद ठेवून तो तेवढ्याच वेळाची काळी फ्रेम घेतो आणि सेन्सरच्या उष्णतेमुळे आलेले ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. कॅमेरा बिघडला असं समजून लोक मधेच बॅटरी काढतात, तसं करू नका. सरावाच्या वेळी ते बंद ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात चार-पाच मिनिटांची एक्स्पोजर घ्यायची असतील तेव्हा चालू करा.

आता हाताबद्दल. पहिले काही दिवस चित्र काढायचंच नाही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च लेन्सकडे तोंड करून धरा आणि सरळ आडवी रेषा काढा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच वेगाने. मग उभी रेषा, मग वर्तुळ, आणि शेवटी एकात एक बसणारी तीन वर्तुळं. फोटोत जिथे रेषा फुगलेली दिसेल तिथे हात थांबला होता. वर्तुळाच्या तळाशी बहुतेकांचा हात मंदावतो, कारण खांदा वळण बदलतो तो तिथे. मनगट फिरवून काढलेली वर्तुळं नेहमी वेडीवाकडी येतात. मनगट ताठ ठेवून कोपर आणि खांद्यातून हात फिरवा.

या सरावासाठी एक भन्नाट साधन तुमच्याकडे बहुधा पडूनच असेल. बऱ्याच स्वस्त एलईडी टॉर्च मंद केल्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने उघडझाप करत असतात. अशी टॉर्च हवेत फिरवली की फोटोत सलग रेषेऐवजी ठिपके-ठिपके येतात. चित्र काढताना हा दोषच आहे, तेव्हा टॉर्च पूर्ण उजेडावर ठेवायची. सरावात मात्र हेच ठिपके तुमची परीक्षा घेतात: जवळ जवळ आले तर हात हळू होता, लांब लांब पडले तर जोरात. सगळे सारख्या अंतरावर पडले की हात तयार झाला असं समजा. हे डोकं नवं नाही. अमेरिकेत १९१४च्या सुमारास फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ हे दांपत्य कारखान्यातल्या कामगारांच्या हालचाली याच रीतीने मोजत होतं. कामगाराच्या बोटाला छोटा दिवा, कॅमेऱ्याचं शटर उघडं. आणि दिवा उघडझाप करणारा घेतला की ठिपक्यांच्या अंतरावरून हाताचा वेगही कळे. हात कुठे वायफळ फिरतोय हे त्यांना शोधायचं होतं. त्याच्याही आधी, १८८९ मध्ये, फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे आणि जॉर्ज देमनी यांनी माणसाच्या सांध्यांना दिवे बांधून त्याच्या चालण्याचा असा फोटो घेतला होता. म्हणजे ही कला जन्माला आली तीच शरीराची हालचाल पकडण्यासाठी, आणि मला ती आजही त्याच कारणासाठी आवडते.

सराव झाला की मुलीला बहुधा सगळ्यात आधी स्वतःचं नाव लिहायचं असेल. तिने कॅमेऱ्याकडे तोंड करून नेहमीसारखं लिहिलं तर फोटोत नाव उलटं येईल, आरशात दिसतं तसं. उपाय दोन: उलटं लिहायला शिकायचं, किंवा सरळ लिहून नंतर फोटो आडवा फ्लिप करायचा. फ्लिप करणं यात काही कमीपणाचं नाही, फक्त मागे पाटी किंवा कॅलेंडर नको, नाहीतर तेही उलटं होईल. मॅन रे या अमेरिकन कलावंताने १९३५ मध्ये पॅरिसमध्ये छोट्या टॉर्चने हवेत रेघोट्या ओढत स्वतःचा फोटो काढला होता. लोक सत्तर-एक वर्षं त्याकडे नुसता गुंता म्हणून पाहत होते. २००९ मध्ये एलन केरी या छायाचित्रकार बाईंनी तो फोटो आरशात धरून पाहिला आणि त्या गुंत्यात मॅन रेची सही निघाली!

देवनागरी हवेत लिहिणं इंग्रजीपेक्षा अवघड, आणि म्हणूनच मजेचं. अक्षर संपलं की टॉर्च विझवायची, पुढच्या अक्षराच्या जागी हात न्यायचा, पुन्हा पेटवायची. वेलांटी आणि मात्रा कुठे द्यायच्या हे अंदाजाने. टॉर्चचं बटण टक्-टक् करण्यापेक्षा तिच्या तोंडावर अंगठा ठेवावा, जास्त भरवशाचं. शिरोरेषा आधी ओढू नका, शेवटी ओढा. आधी ओढली तर ती कुठे होती हे अंधारात दिसत नाही आणि अक्षरं तिच्याखाली लोंबकळतात. खरी कमाल मात्र मोडीत होते. मोडीत कागदभर ओळ आधी आखून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता लिहीत जायचं, अशी रीत. बोरू न उचलता भरभर लिहिण्यासाठी घडलेली ही लिपी टॉर्चसाठी फारच सोयीची: एकदा दिवा पेटवला की शब्द संपेपर्यंत विझवावा लागत नाही, आणि अक्षरांची गोलाई हाताला आपोआप लय देते. इथे ओळही आधी आखता येते, कारण दोन भिंतींना खांद्याच्या उंचीवर काळा दोरा बांधला की हात त्याला घासत जातो. मुलीला मोडीतली दोन-चार अक्षरं शिकवा, नाव तसं लिहून पाहा.

लिहिताना किंवा चित्र काढताना आपण काय काढतोय हे आपल्याला दिसत नाही, ही यातली सर्वांत मोठी अडचण आणि सर्वांत मोठं सुख. १९४९ मध्ये लाइफ मासिकाचे छायाचित्रकार ग्योन मिली दक्षिण फ्रान्समधल्या व्हॅलोरिसला पाब्लो पिकासोकडे गेले होते. बुटांना दिवे लावून अंधारात उड्या मारणाऱ्या स्केटिंगपटूंचे आपले फोटो त्यांनी पिकासोला दाखवले, आणि पिकासोने लगेच छोटा विजेचा दिवा हातात घेऊन अंधाऱ्या खोलीत हवेत चित्रं काढायला सुरुवात केली. त्यातलं सेंटॉरचं, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा अशा प्राण्याचं चित्र जगभर गाजलं. त्या फोटोत पिकासोही स्पष्ट दिसतो, कारण मिलींनी अंधारात क्षणभर फ्लॅश उडवून त्याला गोठवलं आणि बाकीची रेषा उघड्या शटरने टिपली. ही युक्ती तुम्हीही वापरा. मुलगी चित्र काढून संपली की तिला स्तब्ध उभं राहायला सांगा आणि बाजूने, कमी ताकदीवर ठेवलेला फ्लॅश एकदा उडवा. फ्लॅश नसेल तर टॉर्चचा उजेड तिच्या चेहऱ्यावर बाजूने अर्धा सेकंद फिरवा.

पिकासोने आकृती न पाहता कशी पूर्ण केली? ती आकृती त्याच्या हातात आधीपासून होती म्हणून. शटर उघडण्याआधी उजेडात, टॉर्च न पेटवता, तोच आकार चार-पाच वेळा हवेत काढा. सुरुवातीचा बिंदू शरीराच्या एखाद्या खुणेला बांधा: उजवा कान, डावा खांदा, कमरेचा पट्टा. कमळ काढायचं तर देठ बेंबीपाशी सुरू, पहिली पाकळी डाव्या खांद्यापर्यंत, असं मोजमाप ठरवलं की पुढे अंदाज चुकत नाही.

हे झालं लेन्सकडे तोंड करून काढलेल्या रेषांचं. दुसरा प्रकार म्हणजे टॉर्च लेन्सकडे न वळवता वस्तूवर उजेड फिरवून तिला हळूहळू उजळवत नेणं. माझ्या मते कामावरून थकून आलेल्या माणसासाठी हा प्रकार जास्त चांगला. बाहेर जायचं नाही, धावपळ नाही, मुलगी झोपल्यावर स्वयंपाकघराच्या ओट्यावरही होतो.

एक उदाहरण तपशीलवार सांगतो. घरात पाटा-वरवंटा असेल तर तो घ्या, आणि जवळ एक पितळी वाटी ठेवा. मागे काळी चादर. कॅमेरा समोर, किंचित वरून. आयएसओ १००, एफ/११, ३० सेकंद. टॉर्चच्या तोंडाला काळ्या कार्डपेपरची वीतभर नळी गुंडाळून टेप लावा, म्हणजे उजेड इकडेतिकडे न सांडता एका ठिकाणी पडतो. सगळे दिवे बंद करून शटर उघडा. आता टॉर्च पाट्याच्या डाव्या बाजूला, दगडाच्या जवळजवळ समतलात धरा आणि उजेड पृष्ठभागाला घासत जाईल असा पाच-सहा सेकंद फिरवा. टाकी लावताना दगडावर पडलेला प्रत्येक खड्डा आपली छोटी सावली टाकतो आणि पाटा खरखरीत, हाताला लागेल असा दिसू लागतो. हाच उजेड कॅमेऱ्याच्या बाजूने टाकला असता तर पाटा सपाट, रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसला असता. मग टॉर्च मागे न्या, वरवंट्याच्या वरच्या कडेला मागून दोन सेकंद उजेड द्या. कड चमकते आणि वरवंटा काळ्या पार्श्वभूमीपासून सुटा होतो. या वेळी टॉर्चचं तोंड चुकूनही लेन्सला दिसू देऊ नका, वरवंट्याच्या आड ठेवा. राहिली वाटी. पितळेवर उघडी टॉर्च फिरवली तर तिची वेडीवाकडी पांढरी रेघ वाटीच्या पोटावर उमटते, कारण चकचकीत धातू दिव्याचं प्रतिबिंबच दाखवतो. म्हणून टॉर्चपुढे दोन पदरी टिश्यू किंवा बटर पेपर धरा, जवळ न्या आणि वरून खाली एकदाच, सावकाश फिरवा. वाटीवर मऊ, रुंद झळाळी येते. उरलेल्या वेळात काहीही करू नका, शटर बंद व्हायची वाट पाहा.

फोटो पाहा आणि कोणता भाग किती सेकंद उजळला हे वहीत लिहा. पाटा जळाल्यासारखा पांढरा झाला असेल तर पुढच्या वेळी तीन सेकंद. मोजायला मोबाइल नको, त्याचा पडदा खोली उजळवतो. मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. असे दहा-बारा फोटो काढले की एक वेळ अशी येते की हात आणि मोजणी एकत्र चालायला लागतात, आणि तोच पाटा तुम्ही दर वेळी वेगळ्या मनःस्थितीत उजळवू शकता.

मोबाइलवर होतं का, हेही लोक विचारतात. होतं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनमध्ये प्रो मोडला शटर १० ते ३० सेकंदांपर्यंत ठेवता येतं. मोबाइलचं अ‍ॅपर्चर मात्र सहसा बदलता येत नाही आणि मोठं असतं, म्हणून आयएसओ सगळ्यात खाली आणा आणि टॉर्चवर पांढऱ्या कागदाचे एक-दोन थर चिकटवा. मुलीच्या सरावाला फोन उत्तम आहे.

चौकटीत आपण स्वतः दिसू नये यासाठी काळे, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि हलत राहा. उजेड अंगावर पडला नाही तर कॅमेऱ्याला तुम्ही दिसतच नाही. बुटांवरच्या आणि जॅकेटवरच्या रेडियमच्या पट्ट्यांवर काळी टेप लावा, त्या हमखास चमकतात. घड्याळ, अंगठी, चष्म्याची काडी, हेही तसंच.

बाहेर पडायचं तर पहिल्यांदा सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी पडा. आकाश गडद निळं असतं, एफ/८ आणि आयएसओ १००ला १० ते २० सेकंदांत आकाशही येतं आणि रेषाही. तुम्हाला हे फक्त सुटीच्या दिवशी जमेल, पण एकदा जमवाच. पौर्णिमेच्या आसपास मोकळ्या जागी गेलात तर आयएसओ ४००, एफ/४, ३० सेकंद इथून सुरू करा. जमीन चांदण्यात दिसते आणि टॉर्चने फक्त हवा तो दगड किंवा झाड उचलून धरता येतं. अमावास्या ताऱ्यांसाठी.

जागा दिवसा जाऊन पाहिल्याशिवाय रात्री जाऊ नका. विहीर, कुंपणाची तार, खड्डे, मोकाट कुत्री, सगळं उजेडात पाहून घ्या. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातले किल्ले आणि लेणी सूर्यास्तानंतर बंद असतात, तिथे चोरून जाण्यात काही शौर्य नाही. ओळखीच्या कुणाचं शेत, गावातला वाडा, परवानगी घेऊन, हे सगळ्यात छान. सोसायटीच्या आवारात करायचं तर वॉचमनला आधी सांगा. अंधारात कुणी दिवे फिरवतंय म्हटल्यावर लोक घाबरणारच. एकट्याने जाऊ नका, दोघं-तिघं असावीत.

समुद्रकिनारा या कामाला फार सुंदर. ओहोटीला ओली वाळू आरशासारखी होते आणि प्रत्येक रेषेचं प्रतिबिंब खाली उमटतं. भरतीची वेळ पाहून जा. पण वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांचा विणीचा हंगाम असतो. अंड्यातून निघालेली पिल्लं समुद्रावरच्या उजेडाकडे पाहून पाण्याची वाट धरतात. किनाऱ्यावर दिवा दिसला की भरकटतात. त्या महिन्यांत तिथे टॉर्च काढूच नये. तसंच मेअखेर आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी भागात काजवे चमकतात. त्यांची चमक म्हणजे जोडीदाराला घातलेली साद, आपल्या टॉर्चने ती बुडते. काजव्यांचा फोटो घ्या, पण आपला दिवा बंद ठेवून.

आता आगीबद्दल. ठिणग्यांचं कारंजं उडणारे फोटो तुम्ही पाहिले असतील. बारीक स्टील वूल, म्हणजे पोलादी तंतूंचा गोळा, तारेच्या व्हिस्कमध्ये (फेटायच्या जाळीत) कोंबून, ते पेटवून साखळीने गरगर फिरवतात. सुरुवातीला हे करू नका असा माझा स्पष्ट सल्ला आहे, आणि मूल सोबत असताना तर कधीच नाही. त्या ठिणग्या म्हणजे जळतं लोखंड. कित्येक मीटर उडतात आणि जमिनीवर पडल्यावरही क्षणभर पेटत्या असतात. लेन्सच्या काचेवर पडल्या तर कायमचे डाग. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इन्व्हरनेस गावच्या किनाऱ्यावरची पॉइंट रेयेस नावाच्या जुन्या बोटीला आग लागली, छायाचित्रकारांची लाडकी होती ती. स्टील वूलच्या ठिणग्यांनीच पेटली असावी असा संशय होता. आपल्या सह्याद्रीत डिसेंबरपासून गवत वाळून कोळ झालेलं असतं, एका ठिणगीने डोंगर पेटतो. वणव्यात काय काय जळतं हे ज्याने पाहिलंय त्याला हा फोटो काढावासा वाटणार नाही. पुढे कधी करायचंच तर भर पावसाळ्यात, ओल्या खडकावर किंवा ओल्या वाळूवर, सुती कपडे, डोळ्यांना गॉगल, शेजारी पाण्याची बादली आणि सोबत अनुभवी माणूस.

मुलीसाठी दिवाळीतली फुलबाजी पुरे. तिची रेषा सोनेरी, तंतूतंतूंची येते आणि टॉर्चला तो पोत कधीच जमत नाही. सुती कपडे, पायात चप्पल, आणि विझलेली तार लगेच पाण्यात. विझल्यावरही ती बराच वेळ तापलेली असते. लेझर मात्र नको. लेझरचा झोत थेट लेन्समध्ये गेला तर सेन्सर कायमचा खराब होऊ शकतो, आणि डोळ्यांना धोका वेगळाच.

साधनांकडे दोन-तीन महिन्यांनी वळा. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली. तिथे बॅटरीवर चालणारी एलईडी स्ट्रिप, छोटे स्विच, बॅटरीचे डबे सुटे मिळतात. दोन फुटांच्या पट्टीवर स्ट्रिप चिकटवली आणि कोपऱ्याला बटण लावलं की उजेडाचे फितीसारखे पडदे ओढणारं साधन तयार. स्टेशनरीच्या दुकानातला रंगीत जिलेटिन पेपर टॉर्चवर रबरबँडने लावला की रंग झाले. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी सँडपेपरने कडांना घासून टॉर्चपुढे धरली की उजेड त्या कडेतून रेशमी पट्टा होऊन बाहेर पडतो. टॉर्चला लावायचे 'ब्लेड' आणि 'ब्रश' बाजारात विकतात, त्यांच्यामागे तत्त्व हेच असतं. ते चांगलेच असतात, पण आपल्याला काय हवंय हे कळल्यावर घेतले तर वापरले जातात.

राहिला वर्कशॉपचा प्रश्न. चांगली वर्कशॉप एका रात्रीत बरंच देते, विशेषतः जिथे गावाबाहेर सुरक्षित जागा आणि सोबत दोन्ही मिळतात. पण अनेक ठिकाणी शिक्षक मधोमध दिवा फिरवतो आणि वीस ट्रायपॉड एका रांगेत उभे राहून एकच फोटो घेतात. फोटो सुरेख येतो, घरी आल्यावर तो पुन्हा काढता मात्र येत नाही, कारण हात त्यांचा होता. नाव नोंदवण्याआधी फोन करून एवढंच विचारा: रात्रभरात टॉर्च माझ्या हातात किती वेळ असेल, आणि एका तुकडीत किती जण असतील? आठ-दहांच्या वर असतील तर ते पैसे रिमोट, एलईडी स्ट्रिप आणि शेतावर जाण्यायेण्याच्या पेट्रोलवर घाला. पाट्याचे आणि मोडीतल्या नावाचे फोटो आले की मला पाठवा, वहीतले सेकंदही सोबत लिहा. कुठे हात रेंगाळला ते आपण मिळून पाहू.